सुवासिक जिरेनियम आपल्याकडच्या पावसात टिकवायचं कसं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी लिहा

टिळकवाडी_टेरेस

नमस्कार मंडळी. सुवासिक जिरेनियमवर इथं एकही धागा दिसला नाही, आणि बाहेर जे वाचायला मिळतं ते एकतर पुण्या-नाशिकच्या हवेचं नाहीतर थेट इंग्लंडचं. तिकडचे लोक थंडीत झाड घरात कसं घ्यायचं ते सांगतात आणि आपला सगळा प्रश्न जून ते सप्टेंबरचा. म्हणून काढलाच धागा.

माझ्याकडे गुलाबाच्या वासाचं आहे, पानं खोल कातरलेली, लवदार, जरा खरखरीत, हात लागला की बोटांना कितीतरी वेळ वास राहतो. टेरेसवर प्लॅस्टिकच्या कुंडीत आहे, लाल माती आणि शेणखत निम्मं निम्मं. उन्हाळाभर एकदम झकास होतं. आता पाऊस लागला आणि खोड मातीजवळ काळं पडलंय, दाबलं तर मऊ लागतंय, वरची पानं अजून हिरवी आहेत पण मलूल. पाणी कमी पडतंय म्हणावं तर कुंडी ओलीच आहे. बुरशीनाशक ओतू का? कुंडी बदलू का? वाचेल का हे, खरं खरं सांगा.

वडगावचा_पक्या

पाणी बंद कर आणि पत्र्याखाली ने आधी. बाकीचं अक्का सांगतील, त्यांच्याकडं लई जुनी झाडं हायत.

खानापूरची_अक्का

अगं, खालचं खोड काळं आणि मऊ म्हणजे ते गेलं, त्यावर औषध ओतून पैसे घालवू नकोस. वरचं वाचतंय, ते आजच्या आज वाचव. काळेपणा जिथं संपतोय त्याच्या चांगलं चार बोटं वर धारदार ब्लेडने काप आणि कापलेलं तोंड उजेडात धरून बघ. आतून हिरवट-पांढरं, कडक दिसलं तर ठीक. मधोमध तपकिरी ठिपका नाहीतर कडेला रेघ दिसली तर आणखी वर काप, ब्लेड दरवेळी स्पिरिटने पुसून. स्वच्छ तोंड मिळेपर्यंत थांबायचं नाही. झाड केवढंसं उरतंय म्हणून जीव खालीवर होतो पण तपकिरी असलेला तुकडा लावलास तर तो आठवड्यात परत काळा पडणार.

मग चार-पाच इंचाचे तुकडे कर, पेराच्या लगेच खाली काप दे, खालची पानं काढ, आणि देठाच्या बुडाशी छोटे पातळ पापुद्रे असतात ना तेही नखाने काढ, कूज बऱ्याचदा तिथनंच सुरू होते. लगेच मातीत खोचायचं नाही हं. सावलीत पसरून ठेव, आत्ताच्या दमट हवेत रात्रभर, तोंड सुकू दे. धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, एकदाच भिजवून निथळून घे आणि मग लाव. वरनं प्लॅस्टिकची पिशवी घालायची नाही, बाकी कटिंगला घालतो तशी इथं घातलीस तर या लवदार पानांवर चार दिवसात करडी बुरशी येते. उजेड भरपूर, थेट ऊन नको, पावसाचा थेंब नको. तीन-चार आठवड्यात मुळं धरतात.

जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नकोस, कुंडीही घासून उन्हात वाळव. या रोगाची बुरशी पाण्यातनं पसरते म्हणून शेजारच्या कुंड्यांची बुडंपण बघून घे.

टिळकवाडी_टेरेस

अक्का खूप खूप थँक्स. लगेच कापलं. पहिल्या कापाला मधे टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका, बाहेरनं खोड एकदम हिरवंगार, कोणाला संशय येणार नाही. आणखी दोन बोटं वर गेले तेव्हा स्वच्छ मिळालं. एका फांदीला शेंड्यापर्यंत ठिपका होता ती टाकून दिली. बाकीचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरलेत, अख्खी खोली गुलाबाच्या वासाने भरलीय.

पण मला कारण समजून घ्यायचंय. पाऊस तर सगळ्याच झाडांवर पडतो, हेच का गेलं?

खानापूरची_अक्का

कारण सांगते, आणि हे सगळ्यांनी वाचा, कारण आपल्याकडं दरवर्षी जूनमध्ये नवीन लोक हे झाड घालवतात आणि "आमच्याकडं येत नाही" म्हणून सोडून देतात. येतंय आपल्याकडं. छान येतंय. बेळगाव अडीच हजार फुटांवर, उन्हाळा सोसण्यासारखा, हिवाळ्यात गारवा, या झाडाला याच्यापेक्षा चांगली हवा कुठली पाहिजे? ऑक्टोबर ते मे हे झाड इथं जितकं सुखात असतं तितकं किनारपट्टीवर कधी नसतं. फक्त पावसाचे महिने काढून द्यायचे.

मूळ दक्षिण आफ्रिकेतलं झाड हे. खडकाळ, वाळूसारख्या जमिनीतलं, जिथं पाणी पडलं तर निथळून जातं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आपल्या पावसात होतं काय की कुंडी ओली ती ओलीच, दोन सरींच्या मधे वाळायला सवडच नाही, वरनं आठ-आठ दिवस ऊन नाही. मुळं गुदमरतात, कमजोर झाली की बुरशी आत शिरते. पानं मलूल पडतात ती मुळं मेल्यामुळं, आणि आपण बघून म्हणतो तहानलंय वाटतं आणि आणखी पाणी घालतो. थंडीने किंवा उन्हाने मेलेलं झाड मी आपल्या भागात क्वचित बघितलंय, बाकी सगळी ओल्या मुळांनी गेलेली.

तुझ्या कुंडीत निम्मं शेणखत, ते पाणी धरून ठेवणारच. त्यात प्लॅस्टिक, चारी बाजूंनी बंद.

जांबोटी_रान

अक्का बरोबर बोलल्या. शहरात वर्षाला १३०० मिमीच्या आसपास पाऊस, आमच्याकडं जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात त्याच्या कितीतरी पट आणि अथणीकडं निम्म्याहून कमी, म्हणजे एका जिल्ह्यात तीन वेगळ्या तऱ्हा. त्यामुळं "बेळगावात कसं करायचं" असं एकच उत्तर नाहीच.

आमच्याकडं उघड्यावर ठेवायचा विचारच सोडा. मिरग लागायच्या आधी सगळ्या कुंड्या पडवीत, तेही पागोळ्यांपासून दोन हात आत, कारण वाऱ्याने झड आत येते. विटांवर ठेवतो म्हणजे खालनं ओल चढत नाही. पूर्ण पावसाळ्यात पाणी किती घालायचं म्हणाल तर जवळजवळ नाहीच, हवेतच एवढी ओल असते. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच अर्धा तांब्या, तोही सकाळी.

मातीत मी भाताचं तूस जाळून घालूलोय. पूर्ण राख करायची नाही, काळं झालं की पाणी मारून विझवायचं. आपल्या भागात गिरणीवर तूस मागितलं तर मिळतंय की, परलाइट (माती मोकळी ठेवायला घालतात ते पांढरे हलके खडे) कशाला विकत आणा. दोन भाग लाल माती, एक भाग जळकं तूस, एक भाग जाड वाळू आणि शेणखत अगदी मूठभर, तेपण जुनं, वास गेलेलं. पाणी ओतलं की बघता बघता खालनं बाहेर पडलं पाहिजे, वर तळं साचलं तर मिश्रण परत करा.

वडगावचा_पक्या

कुंडी कुठली चांगली म्हणता मग?

खानापूरची_अक्का

मातीची. माझं मत यात अजिबात हलत नाही. आणि खानापूरची माणसं आम्ही, कुंभारकामासाठीच गाव ओळखतात, खादी ग्रामोद्योगचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्रसुद्धा इथं आहे. कच्च्या अंगाची, रंग न दिलेली भाजकी कुंडी घे. तिच्या अंगातनं ओल बाहेर पडते, पावसाळ्यात बाहेरून हात लावला तर गार ओलसर लागते ना, ते पाणी आतनंच येतंय. ऑइलपेंट लावलेली कुंडी घेतलीस तर प्लॅस्टिकमधे आणि तिच्यात फरक उरला नाही. घेताना बोटाने टिचकी मार, खणखणीत वाजली पाहिजे, बद्द वाजली तर भाजणी कमी झालीय नाहीतर तडा आहे. बुडाला भोक एकच आणि लहान असतं बहुतेक, ते मोठं करून घे.

मोठी कुंडी नको. आठ इंचाची पुरे पहिल्या वर्षी. रोप लहान आणि कुंडी मोठी असली की मुळं नाहीत तिथली माती वाळतच नाही.

उन्हाळ्यात मात्र उलटं होतं, मातीची कुंडी एप्रिलमध्ये लवकर सुकते, तेव्हा रोज बघावं लागतं. तेवढं करायचं.

निपाणीचे_सर

चांगला धागा. मी जीवशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो.

पहिलं, विकत घेताना. लाल-गुलाबी गोल फुलांचे झुबके, गोलसर पानावर गडद पट्टा, ते नर्सरीतलं शोभेचं जिरेनियम वेगळं, त्याच्या पानाला एक उग्र वास असतो पण ते आपल्याला पाहिजे ते नव्हे. दोन्ही पेलार्गोनियम याच वंशातली. सुवासिकची फुलं बारीक आणि फिकी असतात, काही वाणांना तर फारशी येतच नाहीत, सगळा माल पानात. म्हणून लेबल वाचू नका, पान हळूच चोळा आणि हुंगा. आपल्याकडं बहुतेक गुलाबाच्या वासाचंच मिळतं. लिंबाच्या वासाचं, सफरचंदाच्या वासाचं, पुदिन्याच्या वासाचं, जायफळाच्या वासाचं अशी बरीच आहेत. पुदिन्याचं मऊ मखमली पानाचं असतं आणि त्याला बाकीच्यांपेक्षा सावली चालते.

दुसरं, वास येतो कुठून. पानावर भिंगातून बघितलं तर बारीक केस दिसतात, त्यातल्या काहींच्या टोकाला गोल ग्रंथी असते. तेल त्या ग्रंथीत. चोळलं की ती फुटते. मुख्य घटक सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल, आणि हेच दोन गुलाबाच्या अत्तरातही मुख्य असतात म्हणून हुबेहूब गुलाब वाटतो. मुलांना भिंग देऊन दाखवा, वर्गात हे पान फिरवलं की मागच्या बाकावरचीसुद्धा पुढे येतात.

यातनंच खताचा नियम निघतो. युरिया किंवा ताजं शेणखत जास्त झालं की पानं मोठी, मऊ, गडद हिरवी होतात, दिसायला सुंदर, पण वास पातळ आणि रोगाला आमंत्रण. कमी खत, भरपूर ऊन. निदान पाच-सहा तास. मार्च ते मे दुपारचं ऊन तेवढं अडवा, पानांच्या कडा करपतात.

अनगोळची_सुमा

सर हे मच्छरांचं झाड म्हणून विकतात ते हेच का? आमच्याकडं डेंग्यूची भीती म्हणून खिडकीत चार कुंड्या लावल्या आहेत.

निपाणीचे_सर

सुमाताई, बरं झालं विचारलंत, हे स्पष्ट लिहायलाच पाहिजे. झाड नुसतं खिडकीत ठेवल्याने डास जात नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडात हेच "मॉस्किटो प्लांट" म्हणून खूप विकलं गेलं तेव्हा त्याची तपासणी झाली आणि उपयोग दिसला नाही. कारण सोपं आहे, ग्रंथी फुटल्याशिवाय तेल हवेत फारसं येत नाही. आणि डासांवर सिट्रोनेला तेल म्हणून जे मिळतं ते वेगळ्या झाडाचं, गवती चहाच्या जातभाईचं.

उलट एक काळजी घ्या. कुंड्यांखालच्या बशा. त्यात साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. पावसाळ्यात बशी काढूनच टाका, झाडालाही ते पाहिजेच आहे. घरात मच्छरदाणी आणि जाळी.

अनगोळची_सुमा

बशा आत्ताच काढल्या. दोन बशीत वळवळणाऱ्या अळ्या होत्या सर!! शेजारीपण सांगून आले.

झाडं मात्र ठेवणार, वास आवडतोय. आमच्याकडं मांजर आहे, चालतंय ना?

निपाणीचे_सर

मांजर-कुत्र्यांना पेलार्गोनियम विषारी धरतात. चघळलं तर उलटी, अन्न न खाणं, मलूल होणं असं होऊ शकतं. उंचावर टांगून ठेवा आणि खाल्लंच तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. तेलाची बाटली तर मांजराच्या आसपासही नको.

टिळकवाडी_टेरेस

आणि माणसांना? केकमध्ये घालतात असं वाचलंय.

खानापूरची_अक्का

गुलाबाच्या वासाचं चालतं, पण पान खायचं नाही, वास उतरवून पान काढून टाकायचं. मी साखरेच्या डब्यात घालते. पानं धुवून पूर्ण कोरडी करायची, ओल राहिली तर साखरेचे खडे होतात, मग साखर-पान-साखर असे थर आणि आठवडाभराने पानं काढून साखर चाळून घ्यायची. ती साखर खिरीत, सरबतात, नारळाच्या वड्यांत सुरेख लागते. दुधात घालायचं तर गॅस बंद केल्यावर दोन पानं, झाकण, पाच मिनिटांनी बाहेर. उकळलं तर कडवटपणा येतो. कुंद्यात, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईत, मात्र घालू नये असं माझं मत, कुंद्याला खरपूस दुधाचा वास असतो तो दबून जातो.

फवारणी केलेल्या झाडाचं पान स्वयंपाकघरात आणायचं नाही. नर्सरीतनं नवीन आणलेल्याचं तर नाहीच, नवी पालवी येऊ दे, काही महिने जाऊ देत. आणि बाजारातलं तेल पोटात घ्यायचं नाही, अंगाला लावायचं तरी खोबरेल तेलात थेंबभर मिसळून.

वडगावचा_पक्या

अक्का माझं झाड उंच आणि काटकुळं झालंय, खाली पानं नाहीत, वर तेवढा शेंडा. मेलं नाही पण शोभा गेली. छाटू का आत्ता?

खानापूरची_अक्का

आत्ता नको रे. भर पावसात मोठी छाटणी म्हणजे ओल्या हवेत उघडी जखम. वाकलंय त्याला काठीचा आधार दे आणि ऑक्टोबरपर्यंत थांब. पाऊस उघडला, ऊन पडायला लागलं की एक तृतीयांश ते निम्मं खाली आण, पण प्रत्येक फांदीवर दोन-चार हिरवी पानं किंवा फुटवे ठेवून. नुसतं जून लाकूड ठेवलंस तर फुटेलच याची खात्री नाही. नंतर नवीन फांदी बोटभर झाली की शेंडा खुडायचा, परत फुटली की परत खुडायचा. खुडत राहिलं तरच डेरेदार होतं. छाटलेलं सगळं कटिंगला वापर, ऑक्टोबर-नोव्हेंबरची कटिंग आपल्याकडं सगळ्यात चांगली धरतात.

दोन-तीन वर्षांनी मूळ झाड लाकडी होतंच, तेव्हा त्याच्या कटिंगवर नवीन पिढी तयार ठेवायची. मी तर मे महिन्यात प्रत्येक जातीची दोन-तीन छोटी रोपं करून खिडकीच्या आत ठेवते, पावसाने बाहेरचं काही झालं तरी जात घरात राहते.

जांबोटी_रान

पांढऱ्या माशीचं बोला की कुणीतरी. पडवीत दाटीने ठेवलं की पानाखाली होतेच, झाड हलवलं की उडते.

खानापूरची_अक्का

दाटी मोडायची पहिली, पानाला पान लागता कामा नये. पिवळे चिकट कार्ड टांग. मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, पानांच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. पण पानं ओली राहतील असा दमट दिवस असेल तर फवारू नकोस, उघडीप बघून मार. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लाव, तिथल्या तिथं मरतो. आणि माती भरताना शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं तर मूळकुजीला आधीच आळा बसतो. रोग आल्यावर ओतून तेवढा उपयोग नाही.

चिकोडीचा_शेतकरी

रामराम. धागा वाचूलोय. मला कुंडीतलं नाही, एकरातलं विचारायचंय. महाराष्ट्रात जिरेनियमची शेती बरेच जण करूलेत, व्हिडिओत तेलाला किलोला दहा-बारा हजार सांगतात. आमची जमीन काळी, ऊस आहे, दोन एकर मोकळी करता येते. करावं काय? रोपं देणारा माणूस दारात येऊन बसलाय.

निपाणीचे_सर

अण्णा, घाई करू नका, आधी हिशेब मांडा. पाल्यात तेलाचं प्रमाण साधारण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे एक टन हिरव्या पाल्यातनं एक-दीड किलो, फार झालं तर दोन किलो तेल. दोन बाय दोन फुटांवर लावलं तर एकरी जवळपास ११ हजार रोपं बसतात, सगळ्यात मोठा खर्च तोच, कारण हे बियांपासून होत नाही, कटिंगच लागतात. पहिली कापणी चार महिन्यांच्या आसपास, नंतर तीन-तीन महिन्यांनी.

खरा प्रश्न भट्टीचा, म्हणजे पाल्यातनं वाफेने तेल काढायच्या डिस्टिलेशन युनिटचा. पाला कापला की ताजाच वाफेवर घ्यावा लागतो, ढीग करून ठेवला तर गरम होतो आणि तेल जातं. तुमच्या गावापासून ट्रॅक्टर सकाळी जाऊन दुपारी परत येईल एवढ्या अंतरावर डिस्टिलेशन युनिट आहे का? नसेल तर दोन एकरांसाठी स्वतःचं उभारणं परवडतं का ते बघा. तेल घेणारा कोण, भाव कसा ठरणार, हे लेखी पाहिजे. रोपं विकणाराच तेल परत घेतो म्हणत असेल तर त्याने आधी कोणाकडनं तेल घेतलंय त्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटा, फोनवर नको.

माहितीसाठी लखनौच्या सीमॅप संस्थेकडे विचारा, सुगंधी पिकांवर सरकारची तीच मुख्य संस्था, त्यांचं बेंगळूरुला संशोधन केंद्र आहे, कन्नडमध्ये बोलता येईल. २०१७ पासून त्यांच्या अरोमा मिशनमध्ये जिरेनियम आहे.

चिकोडीचा_शेतकरी

भट्टीचं कुणी बोललंच नव्हतं सर. आणि काळ्या जमिनीचं काय?

खानापूरची_अक्का

अण्णा, तुमच्याकडं पाऊस कमी ही जमेची बाजू, पण काळी माती एकदा भिजली की आठवडा पाणी सोडत नाही आणि हे झाड तेवढ्यात जातं. सपाट सरीत लावूच नका. फूट-सव्वा फूट उंच गादीवाफे, वर ठिबक, आणि शेताच्या खालच्या अंगाला पाणी बाहेर जायला चर. उसाला सवयीने पाणी सोडतो तसं इथं सोडायचं नाही. लावण पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

माझं ऐकाल तर दोन एकर मोकळे करू नका. दोन-चार गुंठ्यांवर लावा, एक पूर्ण पावसाळा त्याच्यावरनं जाऊ दे, सप्टेंबरात किती रोपं उभी राहतात ती मोजा, मग पुढचं ठरवा.

चिकोडीचा_शेतकरी

चार गुंठेच लावतो. उताराकडचा तुकडा आहे एक, मुरमाड, ऊस तिथं नीट येत नाही, पाणी थांबत नाही. तिथं चालेल काय?

खानापूरची_अक्का

तोच घ्या. काळ्या रानापेक्षा कितीतरी बरा. मुरूम आहे म्हणून खत वाढवू नका फक्त, एकरी चार-पाच ट्रॉली कुजलेलं शेणखत या हिशेबाने तुमच्या तुकड्याला अर्धी ट्रॉलीसुद्धा भरपूर. आणि रोपं घेताना प्रत्येक ट्रेमधलं एखादं उपटून बघा, मुळं पांढरी पाहिजेत, गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत) आहेत, ट्रे परत करा.